पाळणाघर : दया की न्याय?



२०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला एका मुलामागे महिना २० रुपये शुल्क होते. बाकीचा बहुतेक भार सरकारी तिजोरीवर. ‘फुकटची सवय लागते’, असे आपण सहज म्हणून जातो. संत थॉमस अक्वायनस मात्र याला वितरणात्मक न्याय म्हणतील : सामायिक धनातून ज्याचा त्याला वाटा. धुणीभांडी करणारी आई साबणाची वडी घेतानाही कर भरतेच की!

आणि आईने घरी राहावे म्हणणारे आपणच तिला सकाळी सातला कामावर बोलावतो. तेव्हा तिचे तान्हे आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. बहिणीची शाळा बुडते.

२०२२ पासून ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. आपल्या अंगणवाडीत ते आहे का, हे विचारायला आपल्यापैकी कोण गेले?