हे कोणी केलंय?

गाडी गॅरेजला लावली की मिस्त्री इंजिन उघडतो, आत डोकावतो आणि मग तुमच्याकडे बघून विचारतो, "हे कोणी केलंय?" उत्तर त्याला नको असतं. प्लंबर हेच विचारतो, दातांचे डॉक्टर जरा सभ्य शब्दांत विचारतात, आणि आम्ही सॉफ्टवेअरवाले तर रोज विचारतो. आमच्याकडे त्यासाठी एक कमांडच आहे, तिचं नाव 'गिट ब्लेम'. कोडमधली कुठली ओळ कोणाच्या नावावर आहे ते ती सांगते. ज्याने हे नाव ठेवलं त्याला माणसं बरोबर कळली होती.

या प्रश्नाने मला पहिल्यांदा अडवलं ते अ‍ॅरिझोनातल्या एका गॅरेजमध्ये.

ऑफिसच्या कामासाठी मी आठ महिने फिनिक्सजवळ होतो. टीममधल्या एका अमेरिकन मित्राकडे यामाहाची बॅन्शी होती. ही एटीव्ही, तिकडच्या बोलीत क्वाड. नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना चक्कर मारून आणतात ती चार जाड टायरांची गाडी आठवा आणि तिच्यात शर्यतीचं टू-स्ट्रोक इंजिन बसवा. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, पाण्याने थंड होणारं. १९८७ साली ती बाजारात आली आणि अमेरिकेत २००६पर्यंत विकली गेली. पुढे तिचं तेच झालं जे आपल्याकडे आरएक्स १००चं झालं. कंपनीने हात काढून घेतला तरी लोकांनी सोडली नाही. होंडाची टीआरएक्स २५०आर तर अमेरिकेत १९८६ ते १९८९ एवढीच चार वर्षं विकली गेली, पण त्यानंतर दहा-पंधरा वर्षं ती शर्यतींत पळत होती. कंपनी नाही, नवं मॉडेल नाही, मग पळवत कोण होतं? आपापल्या गॅरेजमध्ये, एकट्याने किंवा दोघातिघांना हाताशी धरून काम करणारे इंजिन बिल्डर.

या लोकांचं काम समजून घेतल्याशिवाय त्यांची भांडणं कळत नाहीत. टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे डोक्यावर उघडमीट करणारे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात आणि पिस्टन वरखाली होताना त्या उघडतो, झाकतो. या खिडक्यांचा आकार आणि उंची बदलणं म्हणजे पोर्टिंग. धूर बाहेर जाण्याची खिडकी मिलिमीटरभर वर नेली की इंजिन वरच्या आरपीएमला पेटून उठतं आणि खालचा दम जातो. हा मिलिमीटर हातातल्या ग्राइंडरने काढायचा असतो. घासलेला धातू परत भरता येत नाही, आमच्यासारखं 'अनडू' नाही.

मग ब्लॉक बसतो, हेड आवळलं जातं आणि इंजिन खोक्यात भरून गिऱ्हाइकाकडे रवाना होतं. गिऱ्हाईक हजारो डॉलर मोजतं आणि त्याने काय विकत घेतलं हे त्याला कधीच दिसत नाही. जॉर्ज अकरलॉफने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर निबंध लिहिला होता. विकणाऱ्याला मालाची खरी अवस्था माहीत आणि घेणाऱ्याला नाही, तर चांगला माल हळूहळू बाजारातून हटत जातो, असं त्याचं म्हणणं. पुढे त्याला नोबेलही मिळालं. अशा बाजारात घेणाऱ्याला धरायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे नाव. 'त्याची इंजिनं टिकतात' हे चारचौघांत बोललं जाणारं वाक्य.

आकडे असतात की, असं तुम्ही म्हणाल. डायनोवर इंजिनाची ताकद मोजता येते. मलाही आधी तेच वाटलं होतं, इंजिनिअर आहे ना. पण ताकद क्रँकवरची सांगताय की चाकावरची? साखळी, गिअर, टायर यांत वाटेत काही गळतंच. हवा कुठली धरली? एसएईच्या जे १३४९ पद्धतीत मोजलेला आकडा २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेला जुळवून घेतात. जुन्या 'एसटीडी' पद्धतीत थंड, दाट हवा धरतात आणि त्याच इंजिनाचा तोच आकडा साधारण चार टक्क्यांनी वर जातो. ७०चे जवळपास ७३ झाले. खोटं कोणीच बोललं नाही. फक्त एकाने अट सांगितली आणि दुसऱ्याने सांगितली नाही, आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलं.

राहिली गुपितं. हेड काढून सिलिंडरमध्ये कागदाची गुंडाळी घालायची, पेन्सिल घासायची, की खिडक्यांचा नकाशा कागदावर उतरतो. म्हणजे तुमचं इंजिन दुसऱ्याच्या टेबलावर उघडलं की तुमची दहा वर्षांची अक्कल त्याच्या कागदावर. यावरून बिल्डर लोकांत आयुष्यभराचे अबोले आहेत. मला यात थोडी गंमतही वाटते, कारण या विद्येचा मोठा भाग मुळात पळवलेलाच आहे. पूर्व जर्मनीत एमझेडमध्ये वॉल्टर काडेनने पोर्ट आणि एक्झॉस्ट पाइपचं गणित पन्नाशीच्या दशकात बसवलं. १९६१च्या सप्टेंबरमध्ये त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पळून गेला आणि ते ज्ञान सुझुकीकडे पोचलं. पुढच्याच वर्षी सुझुकीवर तो ५० सीसीचा विश्वविजेता झाला. त्याच सुझुकीची एलटी २५०आर ही क्वाड ऐंशीच्या दशकात शर्यतींत उतरली. तेव्हा 'माझा नकाशा चोरला' असं कोणी बिल्डर म्हणाला की मला काडेन आठवतो.

आता ती गोष्ट.

मित्राने आपलं इंजिन कॅलिफोर्नियातल्या एका नामांकित बिल्डरकडून बांधून घेतलं होतं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही ग्लॅमिसला गेलो. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला मैलोन् मैल वाळूच्या टेकड्या आहेत, त्या सुट्टीत तिथे तंबूंचं आणि ट्रेलरचं शहरच वसतं. दिवसभर गाडी झकास पळाली. रात्री, वाळवंटातल्या कडाक्याच्या थंडीत, चढावर फुल थ्रॉटलला असताना आवाज एकदम चिरका झाला आणि इंजिन सीझ झालं. परतीच्या प्रवासात मित्र साडेतीन तास त्या कॅलिफोर्नियावाल्याला शिव्या देत होता.

अ‍ॅरिझोनात दुसरा बिल्डर होता. वय साठीच्या आसपास, हाताखाली एक मुलगा, भिंतीवर जुन्या पिस्टनची माळ. पहिल्याशी याचं वैर होतं, हे मित्राला माहीत होतं. नकाशाचंच काहीतरी प्रकरण. मला वाटतं, मित्र मुद्दामच त्याच्याकडे गेला.

म्हाताऱ्याने इंजिन लगेच उघडलं नाही. आधी जेट कोणते आहेत ते विचारून कागदावर लिहिलं. रात्री थंडी किती होती ते विचारलं. मग एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरकडची तोंडं बंद करून आत थोडी हवा भरली आणि काटा बघत बसला. काटा उतरायला लागला. साबणाचं पाणी लावल्यावर डावीकडच्या इनटेकच्या रबरापाशी बुडबुडे आले. क्लँप सैल होता, रबराला चीर होती.

"हे रबर कोणी बदललं?"

मित्राने बदललं होतं. दोन महिन्यांपूर्वी, घरी.

मग त्याने ब्लॉक काढला. डाव्या पिस्टनच्या चारी बाजूंनी ओरखडे. आत टॉर्च मारून बराच वेळ बघितलं, कॅलिपरने मोजलं. दोन्ही सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या खिडक्यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक होता आणि कडा नीट गोल केलेल्या नव्हत्या. त्याच्या चेहऱ्यावर एक छोटंसं समाधान दिसलं, हे मी नमूद करतो. तो संत वगैरे नव्हता.

"हे काम मी असं केलं नसतं," तो म्हणाला. "पण इंजिन याने मेलं नाही. चिरेतून जादा हवा आत गेली. त्यात थंडीची दाट हवा, जेट दुपारचेच. पेट्रोल कमी पडलं, तेल पेट्रोलमधूनच येतं, तेही कमी पडलं. डावी बाजू जळाली."

मित्राला हे आवडलं नाही. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "हे सगळे एकमेकांना सामील असतात." आठवड्याभरात त्याला तिसरा बिल्डर सापडला. त्याने ना रबर बघितलं, ना जेट विचारले. सिलिंडर धुऊन पुसून हातात घेतला, खिडकीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे कोणी केलंय?" मित्राने पैसे मोजले. आज तो भेटेल त्याला सांगतो की त्या कॅलिफोर्नियावाल्याची इंजिनं फुटतात. कॅलिफोर्नियावाल्याला यातलं काही माहीत असायचं कारण नाही. त्याला फक्त एखाद्या महिन्यात एखादी ऑर्डर कमी आलेली दिसेल.

मी या प्रसंगाभोवती बरेच दिवस फिरत राहिलो. बंद सिलिंडरच्या आतलं काम बघण्याची संधी गिऱ्हाइकाला मिळत नाही, शेजाऱ्याला मिळत नाही, ती मिळते फक्त पुढच्या बिल्डरला. म्हणजे एखाद्याच्या कामाचा एकमेव साक्षीदार हा त्याचा प्रतिस्पर्धीच असतो. आणि साक्ष ज्याच्याविरुद्ध आहे तो खोलीत नसतो. अशा वेळी त्या गैरहजर माणसाचं मी काय देणं लागतो?

काहीच नाही, असं एक उत्तर आहे. गिऱ्हाईक माझं, बांधिलकी त्याच्याशी. पण मित्राचं हित कशात होतं? रबराची चीर कळण्यात. तिसऱ्याने बांधलेलं इंजिन त्याच रबरावर बसलं असेल तर तेही जाईल. इथे गैरहजर माणसाला न्याय देणं आणि समोरच्याचं भलं करणं ही एकच गोष्ट होती. नेहमी तसं असेल असा माझा दावा नाही.

उलट टोकाचं उत्तरही मला पटत नाही. 'व्यवसायबंधूबद्दल वाईट बोलू नये' हा नियम ऐकायला सुसंस्कृत आहे, पण त्याच्या आडोशाला किती चुका झाकल्या जातात हे ज्याच्या घरातल्या माणसाचं ऑपरेशन बिघडलंय त्याला विचारा. म्हातारा गप्प बसला नव्हता. खिडक्यांतला फरक त्याने सांगितलाच. त्याने केलं ते एवढंच की जे दिसलं आणि ज्याने घडलं या दोन वाक्यांमध्ये 'म्हणून' हा शब्द फुकट घातला नाही. तो शब्द मिळवायला त्याने आधी पाऊण तास हवा भरून काटा बघितला. उघडण्याआधी. कारण एकदा क्लँप सोडला, सिलिंडर धुतला, की पुरावा गेला आणि कोणावरही काहीही ढकलता येतं.

मला हे इतकं लागलं, कारण त्याच्या वर्षभर आधी मी तिसरा बिल्डर झालो होतो.

एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीने हातात घेतलं. आधीचं दोघा पोरांनी लिहिलेलं, तालुक्याच्या गावी त्यांचं छोटंसं ऑफिस होतं. डेमोच्या मीटिंगमध्ये मी त्यांचा कोड प्रोजेक्टरवर उघडला. काट्यावरून आकडा वाचण्याआधी प्रोग्रॅम तीन सेकंद नुसता थांबत होता. मी हसलो आणि म्हणालो, "हे कोणी लिहिलंय?" सगळे हसले. त्या दोघांचं वर्षाच्या देखभालीचं काम त्या महिन्यात बंद झालं.

मी ते तीन सेकंद काढले. गाळप हंगामात बाहेर रांग असते, एका ट्रॉलीमागे तीन सेकंद वाचवले म्हणून शाबासकीही मिळाली. चौथ्या दिवशी काट्यावरच्या ऑपरेटरने फोन केला. एकाच ट्रॉलीचं वजन दोनदा घेतलं तर दोन आकडे येत होते. उसाने भरलेली ट्रॉली काट्यावर चढली की काही क्षण डुलत राहते. तिथला जुना इंडिकेटर वजन स्थिर झालंय की नाही ते सांगत नव्हता. म्हणून त्या दोघांनी तीन सेकंद ठेवले होते.

मी ती ओळ परत घातली. चार दिवसांत कोणाच्या पावतीवर वजन कमी लागलं आणि कोणाच्या जास्त, याचा हिशोब कोणी काढला नाही. मीही काढला नाही. काटामारीवरून ज्या भागात आंदोलनं होतात तिथे मी हे केलं होतं. कारखान्याला मी कळवलं, "किरकोळ दुरुस्ती केली आहे." ती दुरुस्ती म्हणजे त्या दोघांचीच ओळ आहे, हे सांगितलं नाही. का नाही सांगितलं याची माझ्याकडे तेव्हा तीन-चार चांगली कारणं होती. आता एकही आठवत नाही.

गेल्या महिन्यात मी कारखान्यातल्या त्या साहेबांना मेल केली. त्या दोघांचं बरोबर होतं, चूक माझी होती, आणि ते चार दिवस कोणते होते, तारखांसकट. दोघांनाही सीसीमध्ये ठेवलं. साहेबांचं उत्तर आलं, "नोटेड, थँक्स." त्या दोघांपैकी एकाचा मेल आयडी बंद होता, मेल परत आली. दुसऱ्याने अजून काही लिहिलेलं नाही.

गिट ब्लेम मारलं तर त्या ओळीपुढे माझंच नाव येतं.