टाकीतला जन्म आणि भूतदया

घरातल्या काचेच्या टाकीत कॅटफिशची पैदास करणे ही शांत, निरुपद्रवी हौस मानली जाते. तरीही तिच्या मुळाशी धर्मविचाराचा एक खरा प्रश्न आहे. जो जीव केवळ माणसाच्या इच्छेने जन्माला आला, त्याचे माणूस किती देणे लागतो? नुसता मासा पाळणाऱ्यापुढे हा प्रश्न इतका तीव्र नसतो, कारण तो आधीच जन्मलेल्या जिवाची काळजी वाहतो. पैदास करणारा मात्र जन्मालाच कारण होतो.

घरगुती पैदाशीसाठी सर्वांत सोपा कॅटफिश म्हणजे कोरीडोरास, हौशी लोकांच्या तोंडी ‘कोरी’. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तिकडे पावसाचे गार पाणी नदीत उतरले की त्याचा विणीचा काळ येतो. घरी त्याचीच नक्कल करतात: काही दिवस सकस जिवंत खाद्य द्यायचे आणि मग टाकीतले थोडे पाणी काढून जरा गार पाणी भरायचे. मादी पोटाखालचे दोन पर जुळवून त्यांच्या खोबणीत अंडी धरते आणि काच घासून साफ करत ती तिथे चिकटवते. एका विणीत शंभराहून अधिक अंडी पडू शकतात. आईबापच ती खातात म्हणून अंडी दुसऱ्या भांड्यात हलवतात. न फळलेले अंडे पांढरे पडते, त्यावर बुरशी धरते आणि शेजारची अंडीही नासतात. त्यासाठी पाण्यात मिथिलीन ब्लूचे थेंब टाकतात. तीन ते पाच दिवसांत पिल्ले बाहेर येतात. दुसरा लोकप्रिय मासा ब्रिसलनोज. त्याचा नर बिळात बसून अंड्यांना परांनी वारा घालत पहारा देतो.

नदीत यातली फारच थोडी पिल्ले मोठी होतात. टाकीत हौशी माणूस तो मृत्यू अडवतो, आणि खरा पेच इथूनच सुरू होतो. वाचलेल्या प्रत्येक पिल्लाला पाणी, अन्न आणि जागा लागते.

मत्स्यावताराची कथा या संदर्भात मुळातून पाहण्यासारखी आहे. शतपथ ब्राह्मणात मनूच्या हातातल्या पाण्यात एक इवलासा मासा येतो आणि मोठ्या माशांपासून रक्षण मागतो. मनू त्याला आधी घड्यात ठेवतो, वाढल्यावर खड्ड्यात, आणि शेवटी समुद्रात सोडतो. कथेचा भर पुढच्या प्रलयावर आणि नौकेवर असला, तरी पालकत्वाचा अर्थ या तीन जागांत आला आहे: जीव वाढला की भांडे वाढले पाहिजे. मनूच्या माशाने स्वतः आश्रय मागितला होता. कोरीच्या पिल्लाने काहीच मागितलेले नसते, म्हणून पैदास करणाऱ्यावरचा भार मनूपेक्षा जडच आहे.

हा भार तपासायला ज्ञानेश्वरी उपयोगी पडते. ती प्रवरा नदीकाठी, नेवाशात, शके 1212 मध्ये सांगितली गेली. तिच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे दीर्घ विवेचन आहे, आणि त्याचा एक भाग अतिशय कठोर आहे. एक जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याला मारून केलेले औषध, धर्म म्हणून पाणी गाळताना मरणारे बारीक जीव, अशा आचारांची तिथे तपासणी होते. कृतीला दयेचे नाव दिले, तरी इजा नेमकी कुठे झाली हे पाहावेच लागते, असा त्या विवेचनाचा रोख आहे.

टाकीला ही कसोटी लावली की आर्टेमियाचा प्रश्न समोर येतो. पिवळा बलक संपल्यावर पिल्लांना हे मिठाच्या पाण्यात उबवलेले सूक्ष्म जीव घालतात, रोज आणि मोठ्या संख्येने. मूठभर पिल्ले जगवायला हजारो जीव मुद्दाम जन्माला घालून खाऊ घालायचे, याला निखळ दया म्हणता येणार नाही. मासा मासे-किडे खातो हा निसर्गक्रम खरा, पण ताटात ते वाढणारा हात माणसाचा असतो. उकडलेल्या अंड्याचा बलक किंवा बारीक कोरडे खाद्य हा पर्याय आहे. त्याने पाणी लवकर बिघडते, म्हणून कष्ट वाढतात. ते कष्ट घेणे योग्य आहे.

जैन विचार याहून काटेकोर आहे. मासा पंचेंद्रिय जीव गणला जातो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे जे पाच अतिचार दिले आहेत, त्यांत बंध म्हणजे कोंडून ठेवणे आणि अन्नपाननिरोध म्हणजे खाणेपिणे अडवणे हे दोन आहेत. पहिल्याने टाकीवरच आक्षेप येतो. दुसरा अतिचार गावी जाताना मासे वाऱ्यावर सोडणाऱ्याला लागू पडतो.

सर्वांत अवघड भाग निवडीचा. वाकड्या कण्याची किंवा फिक्या रंगाची पिल्ले विकली जात नाहीत, म्हणून काही जण ती मारून टाकतात. मरणाच्या वेदनेत सापडलेल्या पिल्लाला सोडवणे वेगळे आणि देखणे नाही म्हणून संपवणे वेगळे. दुसऱ्याला यातल्या कोणत्याही परंपरेत आधार सापडत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातही ‘प्राणी’ या शब्दात माणूस सोडून प्रत्येक सजीव येतो, म्हणजे मासाही आला.

वाढलेले मासे नदीत सोडून पुण्य घेण्याचा मोहही होतो. महाडजवळ वाळणकोंडीला देवाचे मासे म्हणून महसीर राखले जातात, पण ते त्याच पाण्याचे आहेत. परदेशी कॅटफिशची गोष्ट उलटी. दुकानात दोन-तीन इंचांचा ‘सकर’ म्हणून मिळणारा मासा दीड फुटापर्यंत वाढतो, आणि भारतातल्या अनेक जलाशयांत तो स्थानिक माशांच्या मुळावर आला आहे. असा मासा प्रवरेसारख्या नदीत सोडला तर एकाची सुटका होते आणि शिवडा, मरळ यांसारख्या स्थानिक माशांच्या पिढ्यांवर संकट येते.

म्हणून पैदास वर्ज्यच मानावी असे नाही, पण तिची मर्यादा आधी ठरली पाहिजे. वाढणाऱ्या पिल्लांसाठी दुसरी टाकी नसेल आणि ती सांभाळणारी घरेही ठरलेली नसतील, तर गार पाणी देऊन वीण घडवू नये. नर-मादी वेगळे ठेवावेत.