गैरहजर : अकरा दिवस

आमच्या शेजारच्या काकू मूळच्या धुळ्याकडच्या. अर्धी हयात सुरतेच्या लिंबायतमध्ये गेली, आता मुलाबरोबर आमच्या सोसायटीत राहतात. परवा पत्र्याची पेटी घेऊन आल्या. "यांचे कागद जरा लावून दे गं बाई. नातू विचारतो, आजोबा काय करायचे?" काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. सुरतेला येण्याआधी ते मुंबईत एका लोकरीच्या गिरणीत होते.

दुपारभर आम्ही कागद लावत बसलो. तिकीट नंबरचा पितळी बिल्ला, पगाराच्या चिठ्ठ्या, प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप. आधी बदली कामगार, मग कायम. एका चिठ्ठीवर होतं : जानेवारी १९६८, गैरहजर ११. तेवढा पगार कापलेला. मी आपली हसून बोलून गेले, "काका खाडे करायचे वाटतं!"

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमची थोरली गेली ना तेव्हा. तापानं. गावी आले होते ते."

माझी मान खाली गेली. चिठ्ठी खोटी नव्हती, अकरा दिवस काका गिरणीत नव्हतेच. पण त्याच अकरा दिवसांत ते बाप म्हणून पूर्ण हजर होते. अनेकांत आपण व्याख्यानात कितीदा ऐकतो. एक बाजू खरी असते. तीच सगळी बाजू आहे असं धरून बसलं की असत्य सुरू होतं. कागदानं एक बाजू सांगितली होती. सगळा माणूस तेवढाच, हे मी ठरवलं. शब्दानं केलेली हिंसा ती हीच.

मग असले कागद टाकून द्यावेत का? तसंही नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. कामगारांना घरं द्यायची वेळ आली तेव्हा म्हाडानं पुरावा मागितला : तिकीट नंबर, हजेरीपत्रक, फंडाचा नंबर. आयुष्यभर राबलेल्या माणसाला आपण राबलो हे कागदानं सिद्ध करावं लागलं. कागदात न मावलेलं मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून ऐकून पुस्तकात आणलं. म्हणजे दोन्ही हवं. कागद नसेल तर हक्क बुडतो, आणि आठवण विचारली नाही तर माणूस बुडतो.

काकांचे निदान कागद तरी होते. १९४८ च्या कारखाना कायद्यानं कामगाराचं नाव आणि काम रजिस्टरात लिहिणं कारखान्याला भाग होतं. पण सख्यांनो, आपल्या सुरतेत साडीला लेस लावणाऱ्या, टिक्की चिकटवणाऱ्या बायका कुठल्या रजिस्टरात आहेत? घरी बसून, नगावर पैसे घेऊन काम करणारी बाई कारखान्याच्या पटावर येतच नाही.

रात्री मी आमच्या दुकानाचा चोपडा उघडला. दिवाळीला आपण त्याची पूजा करतो, शुभ-लाभ लिहितो. व्यापाऱ्याचं नाव, दलालाचं नाव, पार्सलाचा आकडा, सगळं चोख. कारागीर बायकांच्या पुढे एकच शब्द : मजुरी. एक मावशी अठरा वर्षं आमच्या साड्या नेतात. तिला सगळे 'टिक्कीवाली मावशी' म्हणतात. तिचं नाव मला ठाऊक नव्हतं.

रोज सामायिकाला मी लोकरीच्या कटासण्यावर बसते. मुंगीलाही इजा होऊ नये म्हणून आधी जागा पुंजते. आणि जिच्या हातांवर आमचं घर चाललं तिचं नाव विचारायला मला अठरा वर्षं सुचलं नाही. मारलं नाही म्हणजे अहिंसा पाळली, एवढ्यावर समाधान मानायचं का? एखाद्याला असून नसल्यासारखं करणं, यालाही काही नाव असेलच ना?

सोमवारी मावशी गठ्ठा घ्यायला आल्या. मी वही पुढे ओढली. "मावशी, पूर्ण नाव सांगा." त्या घाबरल्या. "काय चुकलं का, शेठाणी?"

"चुकलं माझं," मी म्हटलं, आणि त्यांचं नाव लिहून घेतलं. त्याखाली किती नग, काय दर, किती पैसे. तसाच एक कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांना वाचता येत नाही. घडी घालून त्यांनी तो कमरेच्या पिशवीत ठेवला. म्हणाल्या, "नातीला दाखवीन."