वाकलेला कणा

निवृत्ती ह्या शब्दाचा मूळ अर्थ मागे वळणे असा आहे. प्रवृत्ती माणसाला पुढे नेते, निवृत्ती माघारी आणते. परंतु माघारी म्हणजे नेमके कोठे, ह्याविषयी गेल्या चातुर्मासात आमच्या घरी बराच वाद झाला, आणि त्या वादाला निमित्त झाले एक लाकडी जहाज.

आमच्या वाड्यात एक गृहस्थ राहतात. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. २०२० साली बँकेच्या नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांनी माळ्यावरची एक पेटी खाली उतरविली. पेटीत एका जहाजाच्या प्रतिकृतीचा अर्धवट सांगाडा होता. १९७६ साली काका सोळा वर्षांचे व त्यांचे थोरले बंधू एकोणीस वर्षांचे असताना दोघांनी ते काम हाती घेतले होते. बडोद्यात समुद्र नाही, आणि तोवर दोघांनीही तो पाहिलेला नव्हता! पुढे वडील वारले, थोरले बंधू शिक्षण सोडून कारखान्यात लागले आणि पेटी माळ्यावर गेली. ते बंधू आज हयात नाहीत.

आमच्या वडिलांचे म्हणणे असे की, साठीनंतर मनुष्याने एकेक दोर सोडीत जावे. हे गृहस्थ तर नवे दोर बांधीत बसले आहेत. हा आक्षेप मला प्रथम बिनतोड वाटला. तथापि संध्याकाळच्या वेळी काकांच्या ओटीवर बसू लागल्यावर माझ्या ध्यानात आले की, खरा प्रश्न तेथे नाहीच. वेळ सत्कारणी लागतो की वाया जातो, एवढेच विचारावयाचे असते तर उत्तर सोपे होते. काकांपुढचा पेच त्याहून कठीण होता.

जहाजाचे नाव ‘त्रिंकोमाली’. हे मूळ जहाज मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मलबारी सागवानाचे बांधले आणि १८१७ साली ते पाण्यात उतरले. त्याचे आराखडे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या युद्धनौकेवरून येत होते. ती नौका १८१२ च्या अखेरीस अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढाईत नष्ट झाली आणि कागद पुन्हा पाठवावे लागले. ह्या जहाजाचा तोफांचा मजला सुमारे दीडशे फूट लांब आहे. बंधूंनी एका फुटाला एक अष्टमांश इंच, म्हणजे एकास शहाण्णव असे प्रमाण धरले होते. त्या हिशेबाने तो पावणेएकोणीस इंचांत बसतो.

प्रतिकृती बांधताना मधल्या कण्यावर फासळ्या उभ्या करतात आणि त्यांवर बारीक पट्ट्या भिजवून, उष्णतेने वाकवून चिकटवितात. ह्यात एक नियम आहे. एक पट्टी डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे लावावयाची. एकच बाजू आधी पुरी केली तर तिच्या ताणाने कणा तिकडे ओढला जातो. मुलांना हे कोण सांगणार? त्यांनी बाजू वाटून घेतल्या. थोरल्याने डावी बाजू झपाट्याने संपविली, धाकट्याच्या चारच पट्ट्या झाल्या, आणि कणा वाकला. पेटी उघडल्यावर काकांनी सरळ पट्टी लावून मोजले तेव्हा वाक तीन सोळांश इंच भरला. दिसावयास तो क्षुल्लक आहे; परंतु खऱ्या जहाजाच्या मापात तो दीड फूट होतो.

मी सरळ म्हणालो, “काका, डावी बाजू उतरवून टाका. प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणजे मापाने दिलेला शब्द. तो जाणूनबुजून खोटा कसा द्यावा?”

काका म्हणाले, “अरे, चूक माझी असती तर केव्हाच उतरविली असती. ह्या पट्ट्यांवर दादाच्या सुरीचे वळ आहेत. आता त्याला विचारू कसा?”

ह्यावर मी निरुत्तर झालो नाही, हे कबूल करतो. मृताच्या हातची चूक पूज्य ठरविली तर जगात कोणतीच चूक दुरुस्त होणार नाही, असे मी म्हणालो आणि आजही म्हणतो. पण काकांनी खऱ्या ‘त्रिंकोमाली’चा दाखला दिला. ते जहाज १८९७ साली मोडीत विकले गेले होते. एका धनिकाने ते वाचविले, ‘फूद्रॉयां’ असे नवे नाव दिले, आणि १९८६ पर्यंत त्यावर मुलांना दर्यावर्दी शिक्षण मिळत होते. पुढे इंग्लंडातील हार्टलपूल येथे त्याचा जीर्णोद्धार झाला. १९९२ साली जुने नाव परत मिळाले आणि २००१ साली काम संपले. कुजलेले लाकूड तेथे बदलले, परंतु मुंबईच्या सुतारांच्या हातचे जे सागवान टिकाऊ होते ते बहुतांशी राखले. सारे नवे केले असते तर काम कदाचित सोपे झाले असते. पण मग ते मुंबईचे जहाज राहिले असते का?

दाखला चांगला आहे, पण पुरता लागू पडत नाही. मुंबईच्या सुतारांनी कणा वाकडा बांधला नव्हता. मी हे बोलून दाखविले तेव्हा काका हसले आणि उत्तर न देता कामाला लागले.

त्यांनी स्वतःच्या चार पट्ट्या उतरविल्या. दादांच्या तशाच ठेवल्या. सांगाडा ओलसर करून सपाट पाटावर वजनाखाली तीन आठवडे दाबून ठेवला, आणि मग उजवी बाजू अशा बेताने भरीत गेले की तिचा ताण उलट दिशेने बसावा. शेवटी मापले तेव्हा वाक एक अष्टमांश इंचावर आला होता. दीड फुटाचा एक फूट झाला. बाकीचा फूट दादाचा, असे ते म्हणाले.

हे ऐकून आमचे वडील एका संध्याकाळी स्वतः जहाज पाहावयास गेले. बराच वेळ त्यांनी डावी बाजू न्याहाळली. दोर सोडण्याविषयी ते त्या दिवशी काही बोलले नाहीत.

सध्या डोलकाठ्यांना ताणून धरणाऱ्या दोरांवर खलाशांच्या पायऱ्या बांधणे चालू आहे. सुती दोरा मधमाश्यांच्या मेणातून ओढून घेतात, म्हणजे त्याचे तंतू उभे राहत नाहीत. दोन पायऱ्यांत अंतर सुमारे चार मिलिमीटर, आणि गाठी शेकड्यांनी मारावयाच्या. काकांचा हात अलीकडे कापू लागला आहे. म्हणून चिमट्याने दोरा ते धरतात आणि गाठ मी मारतो. उजवी बाजू संपत आली आहे. डाव्या बाजूला मी अजून हात लावलेला नाही.