बायोडाटाच्या आधी मानवशास्त्र

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातल्या जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. महाराष्ट्रात हा निबंध वाचला जातो, त्यावर भाषणे होतात. पण तो कुठल्या वर्गात वाचला गेला, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आंबेडकर अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणून तिथे गेले होते. निबंध मात्र त्यांनी डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गात वाचला. गोल्डनवायझर हे फ्रांझ बोआस यांचे शिष्य. आणि बोआस यांनी काही वर्षांपूर्वीच अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांची आणि तिथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांची डोकी मोजून दाखवले होते की, वंशाची कायमची खूण मानला गेलेला कवटीचा आकारसुद्धा नव्या परिस्थितीत बदलतो.

त्या निबंधात आंबेडकरांनी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी घेतल्या. तोवर या रूढींचे कोणी गोडवे गात होते, कोणी त्यांचा धिक्कार करत होते. आंबेडकरांनी विचारले, या रूढी कोणते काम करतात? एखाद्या गटाने लग्नासाठी स्वतःला कोंडून घेतले की आत लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा वारला की त्याची बायको गटाला ‘जास्तीची’ होते. ती बाहेर लग्न करील, नाहीतर आतल्याच एखाद्या मुलीच्या वाट्याचा वर घेईल. म्हणून तिला चितेवर चढवायचे, नाहीतर लाल आलवणात कोपऱ्यात बसवायचे. बायको वारलेला पुरुषही जास्तीचाच, पण त्याला जाळून कसे चालेल? त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींतून बायको शोधायची. ज्याला धर्म म्हणून पुजले जात होते त्यामागचा हा हिशेब त्यांनी इतका स्वच्छ मांडला की, शंभर वर्षांनंतरही तो वर्गात वाचताना मुले गप्प होतात.

आपली रूढी कोणासाठी आणि काय काम करते, हे विचारायला शिकवणारा मानवशास्त्र हा विषय पदवीच्या वयातच शिकवला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. महाराष्ट्रात तो बव्हंशी एम.ए.-एम.एस्सी.ला भेटतो. बहुसंख्य महाविद्यालयांत पदवीला तो नाहीच. तेवीस वर्षांचा होईतो मुलगा घरच्यांची उत्तरे तोंडपाठ करून बसलेला असतो. मुलीचा तर तोवर बायोडाटा तयार होऊन नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅपवर फिरत असतो: जात, पोटजात, गोत्र, रास, उंची, वर्ण, मामाचे कूळ, अपेक्षा. १९१६च्या निबंधातले ते कोंडून घेणे आजही चालू असल्याचा हा कागदोपत्री पुरावा आहे. तो हातात पडण्याआधी तो वाचायचा कसा, हे मुलांना यायला हवे.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी सुरुवातीलाच वंशावळ काढायला लावते. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन समांतर रेघा, वारलेल्यावर तिरपी रेघ. वंशावळी गोळा करण्याच्या पद्धतीचे जनक डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. १८९८मध्ये टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर त्यांनी ती घडवली आणि पुढे निलगिरीतल्या तोडांकडे येऊन वापरली. दिसायला चित्रकलेच्या तासासारखी सोपी. मुले घरी जातात, आठवडाभराने कागद घेऊन येतात, आणि जवळजवळ प्रत्येक कागदात तेच दिसते. वडिलांच्या बाजूला पाच-सहा पिढ्यांचे त्रिकोण नावांसकट. आईच्या बाजूला आजीच्या वर सगळे कोरे. पणजीचे नाव काय? सगळे तिला जिजी म्हणत. माहेरचे आडनाव? ‘तिकडं कऱ्हाडकडचं काहीतरी होतं.’ लग्नात नावही बदललेले, त्यामुळे जे एक नाव सापडते ते सासरचे. दोन पिढ्यांत बाई कागदावरून पुसली जाते, आणि ती कोणी पुसली हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

लहानपणी दगावलेली मुलेही विचारून घ्यायची, अशी त्या पद्धतीची ताकीद आहे. एका मुलीने आजीला हे विचारले तेव्हा आजी सुपात तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिने दोन नावे सांगितली. एक घटसर्पाने गेला, एक नुसत्या तापाने. मुलीचे वडील तिथेच बसले होते. आपल्यापाठी आणखी दोन भावंडे होती, हे त्यांना पन्नाशीत कळले. तिच्या कागदावर आता तिरप्या रेघेचे दोन छोटे त्रिकोण आहेत. कुठल्याही पाठ्यपुस्तकातून हे शिकता आले नसते. आणि तो प्रश्न विचारण्याचे बळ तिला ‘कॉलेजचा प्रकल्प आहे’ या तीन शब्दांनी दिले.

त्या कागदावर मग इरावती कर्वे येतात. १९५३च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात त्यांनी नातेव्यवस्थेचा देशभरचा नकाशा मांडला. उत्तरेत मामे-आतेभावंडांचे लग्न निषिद्ध. दक्षिणेत अनेक समाजांत मामाची मुलगी चालते, आत्याचीही चालते, कुठे सख्ख्या मामाशीही लग्न होते. महाराष्ट्र या दोहोंच्या मधला: इथे अनेक जातींत मामाची मुलगी करतात, आत्याची टाळतात. वर्गातल्या मुलांना हे ऐकून खरा धक्का बसतो. विदर्भातल्या मुलीला जे ओंगळ वाटते ते सोलापूरच्या मुलाच्या घरी थाटामाटात झालेले असते, आणि दोघेही एकाच बाकावर बसलेले असतात. ‘हे निसर्गाविरुद्ध आहे’ हे वाक्य त्या तासानंतर वर्गात सहसा कोणी उच्चारत नाही.

या विषयाच्या हातांवर डागही आहेत आणि ते पहिल्या सत्रातच दाखवले पाहिजेत. हर्बर्ट रिस्ले हे १९०१च्या जनगणनेचे आयुक्त. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर, या आकड्यावरून जातीची सामाजिक पायरी कळते, असा त्यांचा दावा होता. प्रात्यक्षिकाला आम्ही सरकता कंपास देतो आणि मुले एकमेकांची नाके मोजतात. फळ्यावर आकडे उतरवले की त्यातून कोणाचीही जात ओळखता येत नाही. इरावतीबाईंनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या असमतेवर पीएच.डी. केली. फिशर पुढे नाझींच्या वंशविचाराचे आधार झाले. बाईंनी कवट्या मोजल्या आणि असमतेचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष त्यांच्यापुढे ठेवला. त्यांच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही महाराष्ट्रात परतल्यावर त्या जातीजातींतल्या माणसांची मोजमापे घेत राहिल्या, हेही मी मुलांना सांगते. पूज्य व्यक्तींचे काम पूर्ण वाचायचे असते.

या मोजणीच्या वर्गात आज पारधी घरातला मुलगा येऊन बसू शकतो. १८७१च्या कायद्याने ज्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या गेल्या, त्यांची नोंद करणाऱ्या वह्या आणि मानवशास्त्रज्ञांच्या वह्या एकाच कपाटात होत्या. त्या मुलाने हा विषय शिकणे आणि पुण्यातल्या जुन्या वाड्यातल्या मुलीने शिकणे, यांत फार अंतर आहे. तिला आपल्या घराकडे परक्याच्या नजरेने पाहायला शिकायचे आहे. त्याच्या घराकडे मात्र परके आधीच पाहून गेले आहेत. त्याला ती वही परत मागायची आहे. दोघांना एकाच वर्गात बसवणारा अभ्यासक्रम मला हवा आहे. नुसता वरच्या वर्गांसाठी राखून ठेवलेला विषय अशा मुलापर्यंत पोचतच नाही, कारण बी.ए. झाल्याबरोबर त्याला कमवावे लागते.

सध्या या विषयाची पुस्तके महाराष्ट्रात सगळ्यात जास्त कोण वाचत असेल, तर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली मुले. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे, अडीचशे गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका. मॅलिनोव्स्की, ट्रोब्रिअंड बेटे, कुला हे सगळे नोट्समधून पाठ होते. त्या मुलांचे कष्ट मी जवळून पाहिलेत. पण कोणाच्या अंगणात न बसता हा विषय झाला, असे म्हणता येत नाही. त्यातलीच काही मुले पुढे नंदुरबार, गडचिरोलीला अधिकारी म्हणून जातात. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठीच्या योजना त्यांच्या सहीने चालतात. अठराव्या वर्षी एकदा तरी एखाद्या पाड्यावर राहून, वीटभट्टीवर गेलेले कातकरी कुटुंब पावसाळ्याच्या तोंडावर परत कसे येते आणि मुलांची शाळा मध्ये कशी तुटते, हे त्यांनी पाहिलेले असले, तर त्या सहीआधी ते दोन प्रश्न जास्त विचारतील.

नोकरीचे काय, हे पालक विचारणारच. संग्रहालये, सार्वजनिक आरोग्याचे प्रकल्प, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. जागा आहेत, थोड्या आहेत. विस्थापनाचे काम तर संपतच नाही. कोयना धरणात गावे गेलेल्या लोकांचे सर्वेक्षण इरावतीबाईंनी जाई निंबकरांसोबत केले, ते १९६९मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केले. धरणे, महामार्ग, विमानतळ यांच्यासाठी जमिनी जातच आहेत, आणि उठवलेल्या माणसांना नीट प्रश्न विचारणारी माणसे कमी आहेत.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथे, संशोधनाचे वर्ष दिले आहे. ते ग्रंथालयात घालवू नये. मार्केट यार्डातल्या हमालांच्या पंचायतीत, मुंबईच्या कोळीवाड्यात, ऊसतोडीच्या कोप्यांवर निदान एक अख्खा हंगाम मुलांनी काढावा, आणि टिपणे मराठीतच, समोरच्या माणसाच्या बोलीत घ्यावीत. यासाठी शिक्षकाला वर्गाबाहेर घालवलेले तास कामाचे तास म्हणून मोजून मिळाले पाहिजेत, आणि मुलांना एस.टी.चे भाडे व राहण्याजेवणाचा खर्च महाविद्यालयाने द्यायला हवा. नाहीतर क्षेत्रकार्य ज्यांना परवडते तेच करतील, आणि वंशावळीचे ते कागद पुन्हा त्याच त्या घरांचे भरतील.