खळ्याचा कठडा

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८, निर्गम २१:२८-३४, यशया २८:२३-२९



मोशेच्या नियमशास्त्रात मोठमोठ्या आज्ञांच्या मध्यंतरी एक लहानशी आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने आपल्या धाब्याला कठडा करावा. तो न केल्यामुळे कोणी वरून पडला, तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा तिचा भावार्थ आहे. त्या देशातील घरांची धाबी सपाट असत. लोक तेथे निजत, पीक वाळवीत, प्रार्थनाही करीत. राहाबेने हेरांना धाब्यावरच जवसाच्या काड्यांखाली लपविले, आणि पेत्र धाब्यावर प्रार्थनेस गेला असता त्यास दर्शन झाले. अर्थात् धाबे ही रोजच्या कामाची जागा होती, आणि जेथे रोजचे काम तेथे रोजचा धोका. म्हणून देवाने आज्ञा दिली ती माणूस पडल्यावर रडण्याची नव्हे, पडण्यापूर्वी कठडा बांधण्याची.

आमच्या वर्धा जिल्ह्यात कवेलूची व टिनाची घरे पुष्कळ, सपाट धाबी थोडी. मग ही आज्ञा नालवाडीच्या व तिच्या आसपासच्या शेतकऱ्यास काय सांगते? माझे म्हणणे असे की आज ती आज्ञा आमच्या खळ्याशी येऊन उभी आहे.

आमच्या वाडवडिलांच्या काळी खळे शेणाने सारवून मध्ये मेढ रोवीत, बैलांची पात धरीत, आणि दाणा मोकळा झाल्यावर वाऱ्यावर उफणीत. बैलाने पायाखालचे धान्य खाऊ नये म्हणून कोणी त्यास मुसके बांधी. परंतु मळणी करणाऱ्या बैलास मुसके बांधू नये, ही अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायातील आज्ञा आपणांस ठाऊक आहे. आता बैलांची पात क्वचितच दिसते. सोयाबीनची सवंगणी झाली, गंजी लागली, की ट्रॅक्टरला जोडलेले मळणीयंत्र येते. कित्येक त्यास हडंबा म्हणतात. पूर्वी ज्या कामास दिवसांमागून दिवस लागत, ते काही तासांत उरकते. दाणे एकीकडे, कुटार दुसरीकडे. हे देवाने मनुष्यास दिलेल्या बुद्धीचे फळ आहे, आणि त्याबद्दल आपण त्याचे उपकार मानावे.

परंतु ह्या यंत्रास एक मुख आहे. त्या मुखातून पेंढ्या आत जातात, आणि आत दातेरी ढोल मिनिटास शेकडो फेरे घेत असतो. पेंढी ढोलात सापडली की तो ती झटक्यासरशी ओढून घेतो. ज्या हाताने पेंढी धरली आहे त्यास ती सोडण्याइतकाही अवकाश राहत नाही. पीक ओले असले तर ते ढोलास गुंडाळते, मुख तुंबते, आणि घाईत असलेला मजूर ते हाताने आत ढकलू लागतो. बहुतेक अनर्थ ह्याच क्षणी घडतात. यंत्रास ट्रॅक्टरशी जोडणारा फिरता दांडा उघडा असला, तर पदर किंवा धोतराचा सोगा त्यात गुंतून प्राणावर बेतते. हात गेलेला शेतमजूर पुढे विळा कसा धरणार? त्याच्या घरी चूल कशी पेटणार?

हा धोका नवा नाही, आणि त्यावरील उपायही नवा नाही. स्कॉटलंड देशातील अँड्र्यू मीकल नावाच्या कारागिराने इ. स. १७८६ च्या सुमारास जे मळणीयंत्र सिद्ध केले, त्यात पेंढ्या दोन खाचदार रुळांच्या मधून ढोलाकडे नेण्याची योजना होती. त्याच देशातून इ. स. १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप साहेब सुवार्तेचे काम घेऊन नागपुरास आले, हे आमच्या मंडळ्यांस ठाऊक आहेच. पुढे इंग्लंडात मळणीयंत्रांचा प्रसार झाला, तेव्हा हिवाळ्यातील मजुरी बुडते म्हणून इ. स. १८३० मध्ये शेतमजुरांनी पुष्कळ यंत्रे फोडली. यंत्राने धन्याचा लाभ होतो तेव्हा मजुराचे काय होते, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे. इ. स. १८७८ मध्ये तेथील पार्लमेंटाने मळणीयंत्रांविषयी एक स्वतंत्र कायदाच केला. यंत्राचा ढोल व पेंढ्या घालण्याचे मुख ही नीट झाकून सुरक्षित ठेवलीच पाहिजेत, असे त्यात ठरविले. मोशेने धाब्याविषयी जे सांगितले, तेच ह्या कायद्याने यंत्राच्या मुखाविषयी सांगितले.

अमेरिकेत गव्हाच्या पेंढ्या सुतळीने बांधलेल्या असत. यंत्राजवळ उभे राहून माणसे सुरीने ती सुतळी कापीत, आणि एकजण मोकळी पेंढी हाताने ढोलात सोडी. घाईत सुरी त्याच्याच हातास लागे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे असे जोडयंत्र प्रचारात आले की पेंढ्या सरकत्या पट्ट्यावर टाकाव्या, फिरत्या पात्यांनी सुतळी कापावी, आणि पीक पसरून बेताबेताने ढोलाकडे जावे. मनुष्याचा हात ढोलापासून दूर राहिला. शिवाय ह्या जोडयंत्रास एक नियामक असे. ढोलाचा वेग मंदावला की पट्टा आपोआप थांबे, आणि वेग पूर्ववत झाला म्हणजे पुन्हा चाले. जेवढे पचते तेवढेच मुखात घालावे, ही शिस्त लोखंडास शिकविता आली. ती मनुष्याच्या लोभास शिकविणे अधिक कठीण आहे.

आपल्या देशातही शास्त्रज्ञांनी व कारागिरांनी ह्यावर विचार केला आहे. मळणीयंत्राच्या मुखाशी जी उतरती पन्हळ असते, ती सुमारे तीन फूट लांब असावी आणि ढोलाकडील तिचा अर्धा भाग वरून झाकलेला असावा, असा नियम आहे. कारण उघड आहे : मनुष्याचा बाहू ढोलापर्यंत पोहोचू नये. इ. स. १९८३ मध्ये भारताच्या संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा संमत केला, तो मुख्यत्वे मळणीयंत्रे डोळ्यांपुढे ठेवून. त्यात यंत्र करणाऱ्याची, विकणाऱ्याची व वापरणाऱ्याची कर्तव्ये आणि जखमी झालेल्याच्या भरपाईचा विषय आला आहे. ज्ञान आहे, नियम आहे, साधनही आहे. तर मग उणीव कोठे आहे? ती शोधण्यासाठी आपण शास्त्राच्या प्रकाशात तीन गोष्टींचा विचार करू.

पहिली गोष्ट. ज्यास धोका ठाऊक आहे, तो निर्दोष राहू शकत नाही. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने अकस्मात् कोणास हुंदडले तर धन्याकडे दोष नाही. परंतु बैल मारका आहे असे धन्यास आधी कळविले असून त्याने तो बांधून ठेविला नाही, तर धनी दोषी आहे. त्याच अध्यायात, खड्डा खणून तो न झाकणाऱ्याने त्यात पडलेल्या जनावराची भरपाई करावी असे सांगितले आहे. आता विचार करा. यंत्राची पन्हळ आखूड आहे, तिचे झाकण काढून गंजीमागे फेकले आहे, दांड्यावरचे आवरण मोडले आहे, हे सर्व धन्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. मग एखाद्या बाईचा हात गेला असता “देवाची इच्छा” म्हणून सुस्कारा सोडणे हे देवाच्या नावावर आपला दोष लादणे होय. देवाची इच्छा त्याने मोशेच्या द्वारे लिहून ठेविली आहे : कठडा कर.

दुसरी गोष्ट. झाकण का काढले जाते? पेंढ्या लवकर आत जाव्या म्हणून. यंत्र भाड्याचे, रात्र होत आलेली, आभाळ भरून आलेले, पुढचा शेतकरी वाट पाहत बसलेला. ही घाई मला क्षुल्लक वाटत नाही. वर्षाची कमाई भिजताना पाहणे कठीण आहे. तरीपण यशया संदेष्टा म्हणतो त्याचा आशय पाहा. जिऱ्यासारखा नाजूक दाणा काठीने झोडतात, त्यावरून गाडा फिरवीत नाहीत. आणि भाकरीचे धान्य मळतात तेही सदासर्वदा मळीत बसून त्याचा चुरा करीत नाहीत. हे तारतम्य शेतकऱ्यास त्याच्या देवाने शिकविले आहे, असे तो सांगतो. जो देव दाण्याविषयी इतका जपतो, तो दाणा काढणाऱ्या हाताविषयी किती जपत असेल! अर्ध्या घटकेची बचत एका बाजूस आणि मनुष्याचे मनगट दुसऱ्या बाजूस ठेवून तराजू धरणारा ख्रिस्ती मनुष्य कोणत्या मापाने मोजतो, हे त्याने स्वतःस विचारावे.

तिसरी गोष्ट. मजुराचा हात आदरास पात्र आहे. येथे नालवाडीची आठवण करणे योग्य होईल. इ. स. १९३२ च्या अखेरीस विनोबा भावे वर्ध्याजवळच्या ह्या दलित वस्तीच्या गावी येऊन राहिले. इ. स. १९३४ मध्ये येथे ग्राम सेवा मंडळाचे काम सुरू झाले, आणि मेलेल्या जनावरांचे कातडे कमावण्याचे चर्मालयही येथे निघाले. ज्या कामास जग हीन मानी, ते काम सुशिक्षित माणसे हाताने करू लागली. कातणाऱ्यास जी मजुरी मिळते तेवढ्यावरच आपला निर्वाह चालतो का, हे पाहण्यासाठी विनोबांनी येथे दिवसाचे कित्येक तास सूत कातले. मजुरी ठरविणाऱ्याने मजुराच्या जागी बसून पाहावे, हा त्यातील बोध आहे. महात्मा गांधींचेही यंत्राविषयी मत असे होते की त्याने मनुष्याचे अवयव निकामी करू नयेत, आणि इ. स. १९२४ मध्ये बोलताना त्यांनी शिवणयंत्र हे अपवाद म्हणून मान्य केले, कारण त्याच्या मुळाशी त्यांस प्रेम दिसले. ही माणसे आपल्या मंडळीची नव्हती. तथापि ज्यांच्यासाठी ख्रिस्त सुताराच्या दुकानात राबला, त्या आपण त्यांच्याहून मागे राहावे हे लाजिरवाणे आहे. धनी होण्यापूर्वी आपल्यापैकी किती घराण्यांनी दुसऱ्याच्या खळ्यावर पेंढ्या उचलल्या, हे आपल्या आजीआजोबांस विचारा. बवाजाने रूथेस आपल्या शेतात जपले, आणि कोणी तिला त्रास देऊ नये अशी गड्यांस ताकीद दिली. तो धनी आपल्या प्रभूच्या वंशावळीत आहे.

आता सुवार्तेकडे वळू. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात, शब्बाथ दिवशी सभास्थानात एक वाळलेल्या हाताचा मनुष्य होता. लोक नियमाचा काथ्याकूट करीत होते; प्रभूने त्या मनुष्यास मध्ये उभे केले व हात पुढे करावयास सांगितले, आणि तो हात बरा झाला. लोकांच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे प्रभूस दुःख झाले व क्रोधही आला, असे शुभवर्तमानकार लिहितो. एका मजुराच्या हाताविषयी ज्याला इतका कळवळा, त्याने पुढे स्वतःचे हात खिळ्यांस दिले. पुनरुत्थानानंतर त्याने शिष्यांस ओळख पटविली तीही त्या जखमी हातांवरूनच. म्हणून हात गमावलेल्या भावास किंवा बहिणीस मी म्हणतो : तुमची ओळख त्या तुटक्या हाताने उणी झाली नाही. प्रभूच्या मंडळीत तुमची जागा पुढची आहे, आणि तुमच्या घरच्या चुलीची काळजी वाहणे हे मंडळीचे ऋण आहे, उपकार नव्हे.

उपदेशक बंधूंनी सवंगणीच्या आधीच्या रविवारी हा पाठ मंडळीत वाचावा आणि पुढील गोष्टी साध्या शब्दांत सांगाव्या. झाकण व लांब पन्हळ नसलेले यंत्र आपल्या खळ्यावर उभे करू नये. ते भाड्याचे असले तरीही. पीक नीट वाळल्याखेरीज मळणी करू नये. मुख तुंबले तर आधी यंत्र बंद करावे. हात आत घालू नये. पेंढ्या घालणाऱ्याने सैल पदर, उपरणे व हातातील कडी आवरून उभे राहावे. तो थकला की त्यास बदली द्यावी. दारू प्यालेल्यास व लेकरांस यंत्राजवळ येऊ देऊ नये; अंधारात पुरेसा उजेड नसल्यास काम थांबवावे. आणि गंजीजवळ विडी पेटवू नये. मजूर भगिनींनीही हे ध्यानात ठेवावे की “झाकण लावा, मग काम करते” असे म्हणणे हा उद्धटपणा नव्हे. देवाने दिलेले शरीर जपणे ही त्याची सेवाच आहे.

हंगाम संपल्यावर आपण उपकारस्तुतीस येतो व पहिल्या दाण्यांची टोपली वेदीपुढे ठेवितो. याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगतो की कापणी करणाऱ्यांची अडवून ठेविलेली मजुरी ओरडते आणि ती आरोळी सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते. मजुरी ओरडते, तर रक्त किती ओरडेल! बंधूंनो, यंदा जी टोपली आपण आणू, तिच्यातील दाण्यांवर कोणाच्या रक्ताचा डाग नसावा. ज्या घरी कठडा आहे त्या घरचे अर्पण देव आनंदाने स्वीकारतो.

प्रार्थना : हे पित्या, तू आम्हांस पीक दिलेस व ते काढावयास बुद्धी दिलीस. आमच्या घाईस लगाम घाल. आमच्या खळ्यावर राबणारा प्रत्येक हात संध्याकाळी धडधाकट आपल्या घरी जावो, आणि ज्यांचे हात गेले त्यांस आम्ही हात व्हावे, असे कर. खिळ्यांनी विंधलेल्या हातांचा जो आमचा प्रभू येशू ख्रिस्त, त्याच्या नावाने मागतो. आमेन.