लघुसृष्टीतील काळ

दापोलीला रेल्वे नाही. कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ साली रोह्यापासून ठोकूरपर्यंत सलग खुला झाला, परंतु आमच्यासाठी ती खेडलाच थांबते. पुढचा प्रवास एस.टी.चा. तरीही, किंबहुना म्हणूनच असेल, आगगाडीच्या प्रतिकृतीचा छंद येथील एका घराच्या माळ्यावर काही वर्षे नांदतो आहे. छंदिष्ट गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत. इंजिन आणि डबे त्यांनी विकत आणले. बाकी सारे स्थानक, पूल, बोगद्याचे तोंड, वाडीतील घरे त्यांनी पुठ्ठा, आगकाड्या आणि छत्रीच्या तारांतून स्वतः उभे केले आहे. जांभ्याचा चिरा त्या मापात जेमतेम चार मिलिमीटरचा होतो. पॉलिश पेपरला गेरू चोळून त्याचे तुकडे कापले की त्याचा हुबेहूब भास होतो, हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो.

गुरुजींनी आम्हांस एक साधा प्रश्न विचारला. "फादर, फळीखाली आता एकाच मोटारीपुरती जागा उरली आहे. हलणारे काय ठेवू?" त्यांच्या लेखी तो यंत्राचा प्रश्न होता. आम्हांला मात्र तो नीतीचा वाटला आणि तसा तो का वाटला, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

असले छंद म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांनी पुण्यात कोथरूडला जाऊन भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय पाहावे. तेही १९९८ सालीच, एप्रिलमध्ये, सुरू झाले. तेथे गाड्यांबरोबर एक अख्खे शहर आहे. रस्ते, सिग्नल, सर्कस, पोहण्याचा तलाव. मुले आणि आजोबा तेथे सारख्याच तन्मयतेने काचेला नाक लावून उभे असतात. दिवाळीत अंगणात किल्ला करून त्यावर मावळे मांडणाऱ्या समाजाला ही तन्मयता नवी नाही. गणेशोत्सवातील हलत्या देखाव्यांपुढे होणारी गर्दी तर सर्वांच्या परिचयाची आहे. आणि आमच्याकडे नाताळचा गोठा आहेच.

प्रतिकृती म्हणजे असत्य, असा आक्षेप प्लेटोपासून चालत आला आहे. त्यात तथ्य आहे. छंदिष्टांच्या सर्वांत प्रचलित मापात खरी वस्तू सत्त्याऐंशी पटींनी लहान होते आणि रूळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर ठेवलेले असते. ते युरोपातील रूळांच्या हिशेबाने बरोबर आहे. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची. तिला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. म्हणजे त्या रूळांवर धावणारी प्रत्येक भारतीय गाडी मुळातच अरुंद पायांवर उभी असते. हे खोटे सर्वांना ठाऊक असते आणि कोणीही त्याने फसत नाही. जेथे कोणी फसत नाही, तेथे असत्याचे पाप शोधणे आम्हांला अनाठायी वाटते.

खरी अडचण वस्तू हलू लागली की येते. गुरुजींनी प्रथम पडवीत झोपाळा टांगला. माणसाच्या उंचीहून थोड्या लांब दोरांचा झोपाळा एका हेलकाव्याला सुमारे तीन सेकंद घेतो. तोच सत्त्याऐंशी पटींनी लहान करून नुसता सोडून दिला, तर सेकंदाला तीन वेळा फडफडतो. झोपाळ्यावरची आजी पिंजऱ्यात सापडलेल्या पाखरासारखी दिसते. लांबी लहान करता येते, पण त्या प्रमाणात काळ लहान होत नाही. म्हणून झोपाळ्याला त्याच्या स्वभावावर सोडता येत नाही. त्याला मोटार, दातेरी चक्रे आणि आरा जोडून मुद्दाम संथ करावे लागते. पाण्याचीही तीच कथा. थेंब काही केल्या लहान होत नाही, म्हणून लहान धबधबा नळच दिसतो.

या कोरड्या गणितात आम्हांला एक अर्थ सापडला. स्थिर प्रतिकृती एखाद्याला जागा देते. हलती प्रतिकृती त्याला वेळ देते, आणि तो आपला खरा वेळ असतो. पाहणाराही जे हलते तेथेच थांबतो. बाकीची वाडी, कितीही कष्टाने केलेली असो, पार्श्वभूमी होऊन जाते. अर्थात काय हलवायचे हे ठरवणारा माणूस, पाहणाऱ्यांचे लक्ष कोणाकडे जावे, हे ठरवीत असतो.

थॉमस अक्वायनस यांनी कला आणि विवेक यांत भेद केला आहे. कारागिराची कारागीर म्हणून प्रशंसा होते ती त्याच्या हेतूवरून नव्हे, तर केलेल्या वस्तूच्या गुणावरून; विवेकाचा संबंध मात्र करणाऱ्याच्या भलेपणाशी आहे. गुरुजींची कौले सरळ बसली आहेत, चिऱ्यांचे सांधे बरोबर आहेत. कलेच्या परीक्षेत ते केव्हाच उत्तीर्ण झाले. परंतु उरलेली एकुलती मोटार कोणाला द्यावी, याचे उत्तर कौलांत नाही.

बहुतेक लघुसृष्टींत ती आकाशपाळण्याला मिळते. यात निर्मात्याचा दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. गोल फिरणे मोटारीला सहज जमते; पुढेमागे होणे आऱ्याने साधते; चालणे मात्र महाकठीण. करमणूक फिरते आणि श्रम चालतात, म्हणून लहान जगात करमणूकच अधिक. यंत्राच्या सोयीने जगाचे चित्र ठरावे, हे केवळ खेळण्यांतच घडते असेही नाही.

गोठ्याची परंपरा येथे निराळे सांगते. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो गावी जिवंत बैल व गाढव आणून गोठा सजवला. पुढे अठराव्या शतकात नेपल्सच्या कारागिरांनी त्याभोवती सारा बाजार वसवला: भटारी, मासे विकणारे, खानावळवाले. हलत्या गोठ्यांतही बहुधा मध्यभाग स्थिर असतो आणि विहिरीचे पाणी ओढणारा, करवत चालवणारा हलतो. बाळ येशूपेक्षा पाणक्याला अधिक मोटारशक्ती मिळाली, याची तक्रार कोणत्याही धर्मगुरूने केल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

तेव्हा आम्ही गुरुजींना सुचवले की, पावसाळ्यात रूळावरून गस्त घालणारा माणूस हलवा. कोकण रेल्वेवर २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून सुमारे ५० प्रवासी दगावले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीजवळ पुन्हा तसाच अपघात झाला. त्या दरडींखालून रात्री कंदील घेऊन कोणीतरी चालत असते, म्हणून आपण डब्यात झोपतो.

गुरुजींनी लगेच होकार दिला नाही. "गरिबाला शोभेसाठी मांडायचे, हे मला पटत नाही, फादर," ते म्हणाले. हा आक्षेप आम्हांला वजनदार वाटतो. फाटका सदरा घातलेली बाहुली देखाव्याला गोडवा आणते आणि पाहणाऱ्याला स्वतःच्या कनवाळूपणाचे समाधान देते. तसे करण्यापेक्षा आकाशपाळणा प्रामाणिक. पण गस्तवाला दयेसाठी उभा नाही. तो कामावर आहे. त्याला कामाइतकाच वेळ मिळाला, तर त्याची शोभा होणार नाही असे आम्ही म्हणालो. गुरुजी काही बोलले नाहीत, पट्टी आणि कागद घेऊन हिशेब मांडू लागले.

बाहुलीचे पाय हलणार नाहीत हे उघड होते. फळीखाली सरकपट्टीवर लोहचुंबक आणि बाहुलीच्या तळाशी लोखंडाचा कण, म्हणजे ती रूळाकडेने सरकेल. प्रश्न वेगाचा होता. ताशी चार किलोमीटर चालणारा माणूस या मापात सेकंदाला जेमतेम तेरा मिलिमीटर जातो. माळ्यावरची फळी दोन मीटरांची. ताशी पंचाहत्तरच्या वेगाची गाडी ती आठ सेकंदांत ओलांडते. गस्तवाल्याला अडीच मिनिटांहून अधिक लागतील.

"मुले इतका वेळ थांबतील का?" गुरुजींनी विचारले. मोटारीचा वेग दुप्पट करता आला असता. तो त्यांनी केला नाही.